जानकीबायची दुसरी वाटी

अमेला भाईंदरजवळच्या मुर्धा गावात मी पहिल्यांदा हसताना पाहिलं ते सुक्या जवळ्यामुळे. उत्तनची फिलूमाय डोक्यावर टोपली घेऊन गावात सुकी मासळी विकायला यायची. एका सकाळी तिनं आमच्या दारात टोपली उतरवली, वरचं फडकं बाजूला केलं. अमेनं वाकून ओंजळभर जवळा उचलला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. फिलूमायला वाटलं, माल खराब निघाला की काय. मी मध्ये पडून सांगितलं की आईला तिच्या गावाची आठवण झाली. तिनं गाव कुठलं विचारलं, तर अमेनं माझ्याकडे पाहिलं. रंगूनच्या पलीकडे, नदीकाठी, असं मी सांगितलं. फिलूमायनं मान हलवली, जसं काही रंगून हे वसईच्या पुढचंच स्टेशन होतं, आणि मापाच्या वर आणखी एक मूठ जवळा टाकून ती पुढच्या दारात गेली.

अमे म्हणजे आई. ब्रह्मदेशात आईला अमे म्हणतात, आणि माझ्या तोंडात तोच शब्द शेवटपर्यंत राहिला. तिचं नाव खिन. बाबा रत्नागिरीकडचे. मिसरूड फुटायच्या आत बोटीनं रंगूनला गेलेले, तिथं शिवणकाम शिकले, स्वतःचं लहानसं दुकान थाटलं, आणि दुकानासमोर भाजी विकायला बसणाऱ्या बाईच्या मुलीशी लग्न केलं. मी त्यांची एकुलती एक. मग तिथल्या सरकारनं दुकानं ताब्यात घेतली, आणि हिंदुस्थानी माणसांनी आपापल्या मुलखात जावं असं ठरलं. बंदरावर अंगावरचं सोनं उतरवून घेत होते. अमेच्या हातातली बांगडी निघेना, तेव्हा तिथल्याच एका बाईनं साबण आणून दिला. तो साबण, ते ओले हात आणि बांगडी निघाल्यावर मनगटावर उरलेला लाल वळ, एवढंच मला त्या बंदरातलं नीट आठवतं. बोटीवर बाबा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते की आपण घरी चाललोय. मी विश्वास ठेवला. अमे समुद्राकडे बघत बसली. आता वाटतं, त्या बोटीवर आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या ठिकाणी चाललो होतो. बाबा घरी चालले होते, मी सहलीला, आणि अमे परमुलखात.

मद्रासहून रेल्वेनं आणि मग एसटीनं आम्ही बाबांच्या गावी पोचलो. काकांनी बाबांना मिठी मारली, मला उचलून घेतलं. अमेला मात्र गोठ्यालगतची पडवी दाखवली. काकूनं तिचं ताट वेगळं ठेवलं, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला आणि तो कोपऱ्यात पालथा घातला. कुणी तिला वाईट बोललं नाही. बोलतच नव्हते. काही दिवसांनी काकांनी बाबांना परसात नेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं की तू आणि पोर इथं राहा, घर तुमचंच आहे, पण बाईचं काही तरी बघायला हवं, लोक विचारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वळकट्या बांधल्या. बाबांचा एक शाळासोबती भाईंदरला मिठागरावर कामाला होता, त्याच्या भरवशावर आम्ही इकडे आलो. त्यानं आम्हाला मुर्ध्यात एका बाईच्या दारात उभं केलं. ती जानकीबाय.

जानकीबाय आगरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काळीसावळी, ठेंगणी, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं. कौलारू घराचा अर्धा भाग तिचा आणि अर्धा तिचा दीर बाळाराम याचा. मधे कुडाची भिंत आणि पुढे दोघांचं मिळून एक अंगण. भाताच्या दिवसांत ती शेतात असायची, एरवी मिठागरावर. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अमेच्या गालांवर तनाखा लावलेला होता. तनाखा म्हणजे एका झाडाची साल, आपल्या चंदनासारखी उगाळून लावतात, ऊन लागत नाही. जानकीबायनं त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट करून तोंडाला काय झालंय म्हणून विचारलं. बाबांनी समजावलं. तिनं पुढे होऊन अमेच्या गालाला बोट लावलं, ते बोट हुंगलं आणि वास बरा हाय म्हणाली. मागच्या बाजूची खोली तिनं आम्हाला दिली.

त्या खोलीत आम्ही बरीच वर्षं काढली, आणि आज डोळे मिटले तर मला रंगूनचं घर दिसत नाही, ती खोली दिसते. शेणानं सारवलेली जमीन, कौलातून पडणारे उन्हाचे कवडसे, मागच्या दारातून दिसणारी मिठागरं आणि त्यांत पांढऱ्या टेकाडांसारखे मिठाचे ढीग. पहाटे गावात भात कांडायचे आवाज सुरू व्हायचे, एका घरात थांबले की दुसऱ्या घरात. वारा खाडीकडून असला की मचव्यांत मीठ भरणाऱ्या माणसांचं ओरडणं ऐकू यायचं, आणि वारा फिरला की लांबून रेल्वेची शिटी. बाबांना केबिन रोडवरच्या एका शिंप्याच्या दुकानात काम मिळालं. केबिन रोड तेव्हा चार-दोन दुकानांचा रस्ता होता. बाबा सकाळी शेताच्या बांधांवरून चालत भाईंदरला जायचे, फाटक ओलांडून पूर्वेला, आणि दिवेलागणीला परत. स्वतःच्या दुकानाचा मालक दुसऱ्याच्या मशीनवर बसला, पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त कुणी निर्वासित म्हटलं की त्यांचा चेहरा ताठ व्हायचा. मी माझ्या देशात आलोय, असं ते सांगायचे. त्या वेळी अमे खाली बघायची.

त्या जवळ्यानं अमेला हुरूप आला. तिनं जवळा मीठ घालून कुटला, उन्हात ठेवला, पुन्हा कुटला आणि एका बरणीत दाबून भरला. आमच्याकडे त्याला नापी म्हणतात. नापीशिवाय ब्रह्मी स्वयंपाक नाही. बरणीचं झाकण उघडलं की वास अंगणापलीकडे जायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. मग तिनं मोहिंगा करायला घेतला. खाडीतला शिंगाळा उकडून, काटे काढून, त्याचा दाट रस्सा; त्यात भाजलेलं बेसन, कांदा, लसूण, आलं, केळीचा गाभा आणि गवती चहाची पात; आणि हा रस्सा तांदळाच्या शेवयांवर ओतायचा. गवती चहा जानकीबायच्या न्हाणीमागे माजला होता. केळी तर गावभर. अमे एकेक वस्तू हातात घेऊन माझ्याकडे अशी बघायची, की जणू कुणी तिच्या आधी येऊन तिच्यासाठी या ठेवून गेलं होतं. पहिल्या दिवशी बाबा दोन वाट्या जेवले आणि तिसरीसाठीही वाटी त्यांनी पुढे केली.

पण गावाला आम्ही काही केल्या उलगडत नव्हतो. चीनशी लढाई होऊन गेली होती, तिची आठवण ताजी होती, आणि अमेचे डोळे, माझे डोळे, आमची नाकं बघून लोकांनी आम्हाला चिनी ठरवून टाकलं. ब्रह्मदेश वेगळा, चीन वेगळा, हे बाबांनी पारावर बसून समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अमेला चिनीण म्हटलं. अर्ध्या गावाला वाटायचं की आम्ही भिकेला लागून आलोय, आता गावावर बसून खाणार. उरलेल्या अर्ध्या गावाला वाटायचं की रंगूनवाल्यांनी गादीत माणकं शिवून आणलीयत. एकाच माणसाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं वाटलेलंही मी पाहिलंय. रात्री शेतात बेडूक ओरडायला लागले की अमेला बरं वाटायचं, तिच्या माहेरीही असेच ओरडत. ती खिडकीशी बसून ऐकायची. त्याचं गावात असं झालं की चिनीण बेडूक हेरून ठेवते. विहिरीवर ती गेली की बायका आपापल्या कळशा उचलून बाजूला उभ्या राहायच्या. तिचं पाणी भरून झालं की पुन्हा पुढे यायच्या. अमेला वाटलं, पाहुणी म्हणून तिला पहिली पाळी देतायत. ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करायची. मला खरं काय ते कळत होतं, पण तिला सांगायची छाती झाली नाही.

शाळेत गुरुजींनी माझं मीमी हे नाव ऐकून मीना लिहिलं, आणि मी मीना झाले. गुरुजी चांगले होते. पण मधल्या सुट्टीत मुलं लढाई लढाई खेळायची, आणि त्या खेळात चीन मी एकटीच. सगळं हिंदुस्थान माझ्या मागे धावायचं. मला पकडायचे, चिंचेच्या झाडाला हात लावून उभं करायचे आणि मी शरण आले असं म्हणायला लावायचे. मी म्हणायचे. खरं सांगायचं तर मी आनंदानं म्हणायचे, कारण खेळात घेतलं होतं ना. लढाई संपली की मला कुणी विचारायचं नाही. अपवाद फक्त सुमनचा. सुमन बाळारामची मुलगी, जानकीबायची पुतणी, माझ्याहून लहान, पुढचे दोन दात पडलेले. ती माझ्या बाजूनं चीन व्हायला तयार असायची. कुडाच्या भिंतीला खाली एक भोक होतं, त्यातून ती आमच्या खोलीत यायची आणि अमेच्या मांडीवर बसून तनाखा लावून घ्यायची. घरी जाताना पुसून जायची.

मीरा रोडला ज्या इमारतीत मी आता राहते, तिथं लिफ्टमध्ये अजून मला हिंदीत विचारतात, आंटी, आप नेपाल से हो? आमचा नेपाळी वॉचमन तर मला त्याच्याच मुलखाची समजून सणाला नमस्कार करायला येतो, आणि मी त्याचा गैरसमज आता दूर करत नाही. करोनाच्या दिवसांत खालच्या मजल्यावर मणिपूरच्या दोन मुली राहायच्या, पार्लरमध्ये कामाला. त्यांना पाहून कुणीतरी जिन्यात तोच जुना शब्द उच्चारला, आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा शाळेतल्या त्या चिंचेपाशी उभी होते. दुसरीकडे माझी नात मोबाइलवरून कोरियन शेवया मागवते, आंबवलेल्या कोबीसकट, आणि तिच्या मैत्रिणी त्या वासाचं कौतुक करत खातात. अमेनं हे पाहायला हवं होतं असं वाटतं. तिला आश्चर्य वाटलं नसतं. चांगलं आहे तर खाणारच, एवढंच म्हणाली असती.

तर सुमन. भाताला लोंब्या धरल्या होत्या त्या दिवसांत ती एकदा भिंतीच्या भोकातून आली तेव्हा आम्ही मोहिंगा खात होतो. तिनं मागितला. अमेनं तिला वाटी भरून दिली, आणि तिनं वाटी चाटूनपुसून परत केली. त्याच रात्रीपासून तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या हंगामात गावात तीन-चार घरांतली मुलं अशीच आजारी होती, विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. पण बाकीच्या मुलांनी आमच्याकडे खाल्लं नव्हतं आणि सुमननं खाल्लं होतं. तिनंच तापात आईला सांगितलं की मीमीच्या आईनं शेवया दिल्या. सकाळपर्यंत गावात झालं की चिनीणीनं पोरीला बेडूक खायला घातला. दुपारपर्यंत बेडकाचा साप झाला. सुमनच्या आईनं अंगणात उभं राहून आमच्या दाराकडे तोंड करून जे म्हटलं ते मी लिहीत नाही. तिची पोर आजारी होती, ती काय बोलत होती तिचं तिला कळत नव्हतं. अमेला शब्द कळले नाहीत, सूर कळला. सुमन आजारी आहे एवढं समजल्यावर ती तांदळाची पेज करून घेऊन गेली होती. ती पेज भांड्यासकट अंगणात येऊन पडली.

त्या संध्याकाळी बाळाराम आणि गावातली आणखी काही माणसं बाबांना भेटायला आली. कुणी आवाज चढवला नाही. बाळाराम मुळात वाईट माणूस नव्हता, पण त्याचे डोळे तारवटलेले होते, त्याला झोप नव्हती. त्यानं सांगितलं की येत्या रविवारपर्यंत खोली सोडा, नाहीतर भाईंदरला जाऊन पोलिसांत वर्दी देतो की आमच्याकडे चिनी बाई राहते. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. अमेपाशी तिचा म्हणावा असा एकही कागद नव्हता. लढाईच्या वेळी चिनी माणसांना घरांतून उचलून लांब कुठं तरी तळावर नेऊन ठेवलं होतं, हे बाबांनी ऐकलं होतं. बाबांनी हात जोडले. माझे बाबा, जे बंदरावरच्या शिपायासमोरही ताठ उभे राहिले होते असं अमे सांगायची, त्यांनी बाळारामसमोर हात जोडले आणि आम्ही जातो असं सांगितलं. जानकीबाय तेव्हा घरात नव्हती. परत आल्यावर तिला कळलं. ती चुलीपुढे बसून राहिली, आमच्या दाराशी फिरकली नाही. मला वाटलं, तीही त्यांच्यातलीच.

रविवारी सकाळी आम्ही आवराआवर केली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. बाबांचा शाळासोबती मिठागरावर काही सोय होते का बघायला गेला होता. अमेनं बरणी काढली. नापी उरली होती, ती पिशवीत भरून नेण्यासारखी नव्हती. तिनं बाबांना विचारलं नाही, काही नाही. चूल पेटवली, होता नव्हता तो सगळा जिन्नस काढला आणि मोहिंगा करायला बसली. सुमन आजारी पडल्यापासून बाबांच्या सांगण्यावरून ती फक्त भात-वरण करत होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वळकटीची दोरी आवळायला लागले. वास अंगणात गेला, अंगणातून गल्लीत. हळूहळू माणसं जमायला लागली. बाळारामही बाहेर आला. सुमन दोन दिवसांपासून बरी होती, भाकरी मागत होती. पण एव्हाना गोष्ट सुमनपुरती राहिली नव्हती. जाता जातासुद्धा हे लोक तेच शिजवतायत, असं कुणीतरी म्हणालं. अमेनं पातेलं उतरवलं, दारात आणून ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिच्या गावी रांधलं की दारात ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. तिनं त्या दिवशी ते मुद्दाम केलं की सवयीनं, मी तिला कधी विचारलं नाही.

जानकीबाय शेतावरून आली ती त्याच वेळी. डोक्यावर गवताचा भारा होता. माणसं बाजूला झाली. तिनं भारा उतरवला, रांजणातून पाणी घेऊन हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. मग आमच्या उंबऱ्यापुढे, सगळ्या गावाकडे पाठ करून, मांडी घालून बसली.

"भूक लागली हाय. वाढ मना," ती अमेला म्हणाली.

अमेला वाढ हा शब्द कळत होता. तिनं वाटीत शेवया घातल्या, वर रस्सा ओतला, लिंबू पिळलं. जानकीबायनं वाटी दोन्ही हातांत घेतली. मी तिच्या अगदी समोर होते, म्हणून तिचा चेहरा फक्त मला आणि अमेला दिसत होता. तिनं डोळे मिटून घेतले. पहिला घास तिनं न चावताच गिळला. मग दुसरा घास, मग तिसरा. बाळारामनं एकदा वयनी अशी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. वाटी संपली. तिनं ती खाली ठेवली आणि श्वास सोडला.

आणि अमेनं ती वाटी उचलून पुन्हा भरली. आमच्या पद्धतीत पाहुण्याची वाटी रिकामी ठेवत नाहीत, तो नको म्हणेपर्यंत भरतात. जानकीबायला हे काय माहीत. तिनं भरलेल्या वाटीकडे पाहिलं, अमेकडे पाहिलं. बाबा घाईनं पुढे झाले, राहू द्या म्हणायला. तिनं हातानं त्यांना थांबवलं आणि दुसरी वाटी घेतली. ती तिनं सावकाश खाल्ली. रस्सा सांडला तो बोटानं पुसून घेतला. मग उठली, हात धुतले आणि दिराकडे वळली.

"बालाराम, यी खोली माज्या हिश्शाची हाय," ती म्हणाली. "ह्यांना हितून कोनी हलवाचं न्हाय. पोलिसांत जायाचं आसंल तर जा. मी सांगंन, यी माजी भयीन हाय."

बाळाराम म्हणाला की उद्या तुला काही झालं तर आम्हाला बोलवू नकोस. त्यावर ती म्हणाली की नाही बोलवणार. एवढंच. विधवा बाई, शेतीच्या कामाला दीर, अडीअडचणीला दीर, उद्या मेली तर अग्नी द्यायलाही दीरच. त्या एका वाक्यात तिनं काय पणाला लावलं ते कळायला मला मोठं व्हावं लागलं.

ती दिवसभर घरात गेली नाही. अंगणाच्या मधोमध सूप घेऊन बसली आणि तांदूळ पाखडत राहिली. गावातलं एकेक माणूस काही ना काही निमित्त काढून त्या वाटेनं गेलं. कुणाची कोंबडी हरवली होती, कुणाला विळा हवा होता, कुणी नुसतंच ऊन किती झालं म्हणायला थांबलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला उलटी होते का, ती आडवी पडते का. तिलाही ते ठाऊक होतं. बाबा बांधलेल्या वळकटीवर बसून होते. सोडावी की ठेवावी त्यांना ठरवता येत नव्हतं. ऊन उतरल्यावर जानकीबायनं कळशी घेतली, अमेच्या हातात दुसरी कळशी दिली आणि दोघी विहिरीवर गेल्या. जवळच्या वाटेनं नाही, सबंध गावाला वळसा घालून. भरलेल्या कळशा डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं परत आल्या. मग बाबांनी दोरी सोडली.

बाळाराम पोलिसांत गेला नाही. त्यानं माफी मागितली नाही, आणि आम्हाला तशी अपेक्षाही नव्हती. पुढच्या आठवड्यात सुमन भिंतीच्या भोकातून परत आली, आणि तिच्या आईनं ते भोक बुजवलं नाही. कापणीच्या वेळी अमे जानकीबायबरोबर शेतात उतरली. भात कापायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि शेजारच्या बाईनं न मागता तिच्या हातात पेंढी बांधायला बंध दिला. ते पाहून जानकीबायनं मला कोपरानं ढोसलं. चिनीण हा शब्द एकदम गेला नाही, पण त्याची धार गेली. पुढे पुढे तो नुसता पत्ता सांगण्यापुरता उरला, चिनीणीच्या घरामागचा आंबा, असा. बाबांनी काही वर्षांनी भाईंदरात स्वतःचं मशीन घेतलं. अमेला पुढे रीतसर कागद मिळाले. पण मराठी ती शिकली ती जानकीबायकडूनच, हाय आणि न्हाय करत. रत्नागिरीचे काका एकदा म्हातारपणी आमच्याकडे आले, तर ही ब्रह्मी बाई त्यांना आगरी बोलीत जेवाला बसा म्हणाली. काकांनी मान खाली घालून तिच्या हातचं जेवण घेतलं. जाताना तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं त्यांना धरून सरळ उभं केलं.

लोक मला विचारतात, तुम्हाला राग येत नाही का. येतो कधी कधी. पण माझ्या मनात हिशेब वेगळा लागतो. आम्हाला नको म्हणणारे पुष्कळ होते, त्यांची तोंडं मला नीट आठवत नाहीत. फिलूमायनं वर टाकलेली ती एक मूठ आठवते. जिचा हात त्या बांगडीसाठी साबण घेऊन पुढे आला होता, ती अनोळखी बाई आठवते, कारण तिच्यामुळे अमेचं मनगट तरी सोललं नाही. आणि जानकीबाय आठवते. मी मराठीत शिकले, मराठीत शिकवलं, आणि आता मराठीत लिहितेय, ते ती त्या दिवशी बसली म्हणून. अमे गेली तेव्हा बाळारामचे मुलगे, सुमनचे भाऊ, खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी आले.

अमेच्या आधीच जानकीबाय थकली होती. शेवटी शेवटी तिला अंथरुणातून उठवत नसे, मी शाळा सुटली की मुर्ध्याला जाऊन तिच्यापाशी बसायचे. मी तेव्हा शिक्षिका झाले होते. एकदा बोलता बोलता मी तिला म्हटलं की तुझा आमच्यावर किती विश्वास होता, बाय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. तिनं सांगितलं की कसला विश्वास. तिलाही वाटलं होतं की त्यात बेडूक असेल. सुमननं खाल्लं आणि तिचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बाळाराम आम्हाला खोली सोडायला सांगून गेला त्या रात्री चुलीपुढे बसून ती तेच घोकत होती, आणि पहिली वाटी तोंडाला लावताना तिनं गावदेवीला हात जोडले होते, मनातल्या मनात. दुसरी वाटी आली तेव्हा तर तिला रडूच येणार होतं.

मग खाल्लंस कशाला, असं मी विचारलं.

"तुजी आयस रांधून दारात हुबी व्हती," ती म्हणाली. "येवरी मानसं जमली, आनि येक जन बसंना जेवाला. कोनी तरी खायाला नको का गो?"

एवढं बोलून तिनं कूस बदलली आणि मला म्हणाली की उकडतंय, जरा दार उघड.